लाईट जाते आणि टाकी खोलीत उतरते

मृग लागायच्या सुमाराला वारा सुटतो, कुठेतरी फणसाची फांदी तारांवर पडते आणि गाव काळोखात जातं. कोकणात याची कुणी बातमी करत नाही. मेणबत्ती कुठे आहे हे घरातल्या पोरांनाही पाठ असतं. पण गेल्या काही वर्षांत घरोघरी मोठ्या फिश टँक आल्या आणि पहिल्या पावसाबरोबर एक नवा प्रश्न कानावर यायला लागला: "पंप तर बंद पडला होता, मग पाणी बाहेर आलंच कसं?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो रात्री अडीच वाजता, माजघरात. लाईट जाऊन अर्धा तास झाला असेल. आई पाणी प्यायला उठली आणि तिचा पाय थेट ओल्यात पडला. "पाणी खंयसून इलां ह्यां?" तिचा पहिला संशय कौलांवर. तिने काळोखातच अंदाजाने एक घमेलं आणून ठेवलं. मी टॉर्च लावला, वर पाहिलं तर वासे कोरडे. खाली वाकून लादीवरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट! पाऊस कितीही कोकणातला असला तरी कौलांतून खारं पाणी गळत नाही. माझी टाकी समुद्री माशांची. तिच्यातलं वीस-बावीस लिटर पाणी कपाटाच्या खालून शांतपणे बाहेर येत होतं.

पाण्याच्या वाटेतच एक्स्टेंशन बोर्ड होता. त्याला हात न लावता आधी जाऊन मेन स्विच पाडला, कारण लाईट कधी परत येईल याचा नेम नव्हता आणि खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. तुमच्याकडे असं झालं तर क्रम हाच ठेवा. फडकं नंतर.

आधी टाकीची रचना

मोठ्या टाकीच्या खाली, कपाटात, आणखी एक काचेची पेटी असते. तिला सम्प म्हणतात. कामगारांचा संप वेगळा, जरी लाईट गेल्यावर ही पेटीही काम बंद पाडते. वरच्या टाकीतलं पाणी एका ठरावीक उंचीवरून ओसंडून नळीवाटे सम्पमध्ये उतरतं, तिथे गाळलं जातं आणि शेवटच्या खणातला पंप ते पुन्हा वर ढकलतो. वर नेणाऱ्या नळीला रिटर्न म्हणतात, ओसंडायच्या जागेला ओव्हरफ्लो. या लेखापुरते तांत्रिक शब्द एवढेच, आणखी एक पुढे येईल.

ओव्हरफ्लो कळायला भाताचं खाचर आठवावं. बांधाला एका जागी पाणी जायची वाट ठेवलेली असते. वरून पाणी येत असतं तोवर ते त्या वाटेच्या कडेपेक्षा बोटभर वर उभं राहतं आणि वाहत राहतं. वरचं पाणी बंद झालं की तेवढं बोटभर पाणी निघून जातं आणि पातळी बरोबर कडेशी थांबते. त्याखालचं पाणी त्या वाटेने जाऊच शकत नाही. टाकीचंही तसंच. लाईट गेल्यावर ओव्हरफ्लोवाटे दीडेक सेंटीमीटर पाणी खाली येणारच. ते कुणी थांबवू शकत नाही आणि थांबवायची गरजही नाही.

घोळ करते ती दुसरी नळी, रिटर्नची.

वर नेणारी नळी खाली कशी आणते?

आपल्याला वाटतं, पंप बंद म्हणजे ती वाट बंद. पण पंपाच्या पोटात दार नसतं, नुसता फिरणारा पंखा असतो. तो थांबला की त्याच्या पात्यांमधून पाणी उलटं निवांत जाऊ शकतं. नळीचं वरचं तोंड टाकीच्या पाण्यात बुडलेलं, खालचं टोक सम्पमध्ये, मधे पूर्ण भरलेली नळी. हाच सायफन. शाळेच्या पुस्तकात याला वक्रनलिका म्हणायचे. शब्द ऐकून काही बोध व्हायचा नाही, हे वेगळं.

ज्यांनी वसुदेव-प्याला पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. पेल्यात वसुदेव उभा, डोक्यावर बाळकृष्ण. पाणी ओतत जावं तसं ते चढत जातं, आणि बाळाच्या पावलाला लागलं की पेल्याच्या बुडातून सगळं पाणी निघून जातं. यमुना ओसरली म्हणून लहानपणी आम्ही टाळ्या वाजवायचो. चमत्कार मूर्तीच्या आत लपवलेल्या वाकड्या नळीचा असतो. पाणी त्या नळीच्या बाकावरून एकदा पलीकडे गेलं की मागचं सगळं ओढून नेतं.

ओढून नेतं म्हणजे काय? विहिरीवरच्या रहाटावर दोर टाकलाय असं समजा. एका बाजूला दोन हात दोर लोंबतोय, दुसऱ्या बाजूला दहा हात. सोडलात तर लांब बाजू आपल्या वजनाने आखूड बाजूला वर ओढून पलीकडे घेऊन जाईल. नळीतलं पाणी असंच वागतं. सम्पकडे उतरणारी बाजू लांब, म्हणून जड. टाकीतली बाजू आखूड. फरक एवढाच, की पाण्याला दोरासारखा पीळ नसतो. त्याला तुटू देत नाही तो बाहेरच्या हवेचा दाब, जो टाकीतल्या पाण्यावर सतत रेटा देत असतो. हा दाब पाण्याचा स्तंभ साधारण 10 मीटरपर्यंत उचलून धरू शकतो. आपली नळी जेमतेम दीड मीटर उंच, म्हणजे दोर तुटायचा प्रश्नच नाही.

मग हे थांबतं कधी? एक तर दोन्हीकडची पातळी सारखी झाली की, जे इथे होणं शक्य नाही. किंवा नळीत हवा शिरली की. वरच्या तोंडापर्यंत पाणी उतरलं, तोंड उघडं पडलं, सुर्र असा आवाज झाला की दोर कापला गेला. म्हणजे टाकी किती रिकामी होणार हे एकाच गोष्टीवर ठरतं: रिटर्नचं तोंड पाण्याखाली किती खोल आहे. माझ्या टाकीत ते बारा सेंटीमीटर खोल होतं. तळाशी प्रवाह चांगला राहतो असं मला कुणीतरी सांगितलं होतं. प्रवाह चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही.

हिशेब करून बघू

माझी टाकी 120 सेंटीमीटर लांब, 45 रुंद. दोन्हींचा गुणाकार 5400. म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की 5.4 लिटर पाणी गेलं. बारा सेंटीमीटरला जवळपास 65 लिटर. नळीत आणि ओव्हरफ्लोच्या कोपऱ्यात अडकलेलं तीनेक लिटर धरा. एकूण 68.

खालचा सम्प 75 बाय 40, म्हणजे तिथे एका सेंटीमीटरला तीन लिटर मावतात. पेटी 40 सेंटीमीटर उंच आणि मी ती 25 पर्यंत भरून ठेवायचो. रिकामी जागा 15 सेंटीमीटर, म्हणजे 45 लिटर. अडुसष्टातून पंचेचाळीस गेले, उरले तेवीस. ते लादीवर. बाईंनी चौथीत शिकवलेल्या गणिताने हे आधीच कळलं असतं.

आता तोंड पाण्याखाली दोनच सेंटीमीटर ठेवलं तर? टाकीतून 11 लिटर, वरचे तीन, मिळून चौदा. सम्प पाच सेंटीमीटरही चढत नाही. नवी वस्तू काही आणलेली नाही, नळीचं तोंड फक्त वर घेतलं.

ज्यांना खोल प्रवाहच हवा आहे त्यांनी तोंड राहू द्यावं, पण नळीला पाण्याच्या पृष्ठभागाच्या सेंटीमीटरभर खाली चार-सहा मिलिमीटरचं एक भोक पाडावं. लाईट गेली, पाणी सेंटीमीटरभर उतरलं की भोक उघडं पडतं, तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोक टाकीच्या आत आणि खालच्या अंगाला हवं, नाहीतर पंप चालू असताना धार भिंतीवर. नळी जाड असेल तर दोन भोकं पाडा, कारण एका बारक्या भोकातून येणारी हवा वेगाने जाणारं पाणी बुडबुड्यांच्या रूपात खाली घेऊन जातं आणि सायफन चालूच राहतो.

भोक शेवाळाने बुजतं, समुद्री टाकीत मिठाने आणि चुन्यानेही. पण ते बुजलं की कळतं: पंप चालू असताना तिथून बारीक धार पाण्यात मारताना दिसते. धार दिसेनाशी झाली की माडाच्या झावळीचा एक हीर घ्यायचा आणि भोकात घालून फिरवायचा. पंधरा दिवसांतून एकदा पुरतं.

"एनआरव्ही बसवला की झालं ना?"

दुकानदार पहिल्यांदा हेच सुचवतो. एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. तत्त्वतः बरोबर आहे. पण ज्यांच्या घरी विहिरीवर पंप आहे त्यांना मी उलटा प्रश्न विचारतो: तुमचा फूट व्हॉल्व कधी गळला नाही का? विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असते ती हीच झडप, जातीची सख्खी बहीण. एक पान, एक काडी, वाळूचा एक कण तिच्या फटीत बसला की रात्रभरात पाइप रिकामा होतो आणि सकाळी बादलीने पाणी ओतून पंप भरत बसावं लागतं. विहिरीला ते चालतं, कारण उतरलेलं पाणी विहिरीतच जातं.

टाकीतल्या झडपेच्या फटीत गोगलगायीचं पिल्लू बसतं, शेवाळाचा तंतू बसतो, समुद्री टाकीत चुन्याची पुटं चढतात. आणि ती नीट बंद होते की नाही हे लाईट जाईपर्यंत कळत नाही. महिनोन्‌महिने उघड्या अवस्थेत असलेली वस्तू नेमक्या रात्री अडीचला नीट मिटेल यावर मी माझी लादी लावणार नाही. शिवाय झडपेमुळे पंपाचा जोर थोडा कमी होतो तो वेगळाच.

बसवू नका असं नाही. बसवायचीच असेल तर उघडता येणाऱ्या जोडाने बसवा, दोन-तीन महिन्यांनी काढा, लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. चुना सुटतो. पण हिशेब करताना ती झडप तिथे नाहीच असं धरून करा. झडप नसतानाही सगळं उतरलेलं पाणी सम्पमध्ये मावलं पाहिजे.

"सम्पच मोठा घेतला तर?"

घ्या, उत्तम. फक्त मोठा सम्प मोठा रिकामाही ठेवायचा असतो, आणि माणसाला रिकामी जागा बघवत नाही. जास्त पाणी म्हणजे जास्त स्थिर टाकी, हे खरंच असल्यामुळे हळूहळू आपण वर वर भरत जातो. माझ्या सम्पच्या काचेवर आता मार्करची लाल रेघ आहे. पंप चालू असताना पाणी या रेघेच्या वर न्यायचं नाही, घरात कुणीही भरलं तरी. रेघ ठरवायची गणिताने नाही, प्रत्यक्ष करून. त्याबद्दल शेवटी सांगतो.

लाईट परत येते तेव्हा

लोक सायफनला घाबरतात आणि लाईट आली की सुटलो म्हणतात. खरं नुकसान कित्येकदा त्यानंतरच होतं.

तेवीस लिटर लादीवर गेले. पंप चालू झाल्यावर बाकीचं पाणी तो वर नेतो आणि सगळी तूट सम्पच्या शेवटच्या, म्हणजे पंपाच्या खणात दिसते. माझा तो खण 25 बाय 40. एका सेंटीमीटरला एकच लिटर. तूट तेवीस सेंटीमीटर आणि पाणी होतं पंचवीस. पंप हवा ओढत घरघरत होता. रात्री कुणी उठलंच नसतं तर सकाळपर्यंत जळला असता.

सकाळी पाणी कमी दिसतंय म्हणून नळाचं पाणी ओतणं ही पुढची चूक, आणि समुद्री टाकीत ती महागात पडते. रोज जे पाणी कमी होतं ते वाफ होऊन, मीठ मागे ठेवून जातं. त्याची भरपाई गोड्या पाण्याने करायची असते. सांडलेलं पाणी मीठ घेऊन गेलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, म्हणजे तेवीस लिटरबरोबर आठशे ग्रॅम गेले. तेवढं खारं पाणीच पुन्हा करून घालायला हवं. आणि समोर समुद्र आहे म्हणून पावसाळ्यात खाडीच्या तोंडावरून कॅन भरून आणू नका. तेव्हा नदीचं पाणी खाडीत उतरलेलं असतं, ते मचूळ आणि गढूळ असतं.

उलट्या दिशेचा पूरही असतो. काहींच्या टाकीच्या काचेला भोक पाडलेलं नसतं. काठावर अडकवलेल्या ओव्हरफ्लोमधून, वाकड्या नळीनेच, पाणी खाली जातं. म्हणजे तिथे सायफन मुद्दाम वापरलेला आहे. लाईट गेल्यावर त्या नळीत हवा शिरली तर लाईट आल्यावर तो सायफन सुरू होत नाही. पंप मात्र इमानदारीत पाणी वर ढकलत राहतो आणि टाकी वरून ओसंडते. अशा टाकीत पंपाच्या खणात इतकंच पाणी ठेवा, की ते सगळं वर गेलं तरी टाकी काठोकाठच भरेल. पंप कोरडा पडेल, पण घर नाही भिजणार. नवी टाकी घेत असाल तर ओव्हरफ्लोचं भोक आधीच पाडून घ्या. घरी आणलेल्या टाकीची काच टफन केलेली असेल तर ड्रिल लावू नका, तिचा चुरा होतो.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे"

एक-दोन तासांच्या खेळाला तो पुरेल. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे काळोखात होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गेलं. इन्व्हर्टरने पाण्याचं उतरणं टळत नाही, पुढे ढकललं जातं, तेही बॅटरी संपेपर्यंत, आणि बॅटरी बहुधा पहाटेच संपते. इन्व्हर्टरवर मोठा रिटर्न पंप चालवण्यापेक्षा छोटा हवेचा पंप चालवा. लांबलेल्या काळोखात माशांना पहिल्यांदा कमी पडतो तो प्राणवायू, आणि पाणी जितकं गरम तितका तो कमी विरघळतो.

"माझी टाकी छोटी, सम्पच नाही"

मग टाकीशेजारी किंवा खाली ठेवलेला हवेचा पंप बघा, तो बुडबुडे सोडणारा डबा. त्याची बारीक नळी टाकीत बुडलेली आहे आणि डबा पाण्याच्या पातळीच्या खाली आहे. लाईट गेली की त्या नळीतूनही तोच सायफन होऊ शकतो. पाणी नळीतून डब्यात, डब्यातून बोर्डावर. हे मी पाहिलेलं आहे, जळका वासही घेतलेला आहे. डबा टाकीच्या पाण्यापेक्षा उंचावर खिळ्याला अडकवा. ते जमत नसेल तर नळीत बारकी प्लास्टिकची झडप घाला, तिच्यावरच्या खुणेनुसार दिशा बघून. आणि प्रत्येक वायर सॉकेटला जायच्या आधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

जाता जाता आणखी एक. नळाला पाइप लावून त्याचं टोक टाकीत बुडवून पाणी भरण्याची सवय अनेकांना असते. नळाचं पाणी मधेच गेलं तर लाइनीत पोकळी होते आणि टाकीतलं माशांचं पाणी नळाच्या लाइनीत ओढलं जाऊ शकतं. वाडीची नळपाण्याची वेळ ठरलेली असते, त्यामुळे हे घडायला फार जागा आहे. पाइपाचं टोक पाण्याच्या वर ठेवा, धार पडू द्या.

स्विच स्वतः पाडून बघा

हिशेब कितीही चोख केला तरी टाकीच्या खणांमध्ये, नळीच्या वळणांत काहीतरी सुटतंच. म्हणून परीक्षा घ्यायची, मे महिन्यात, दिवसाढवळ्या, घरात असताना. झडप असेल तर तिचं पातं काढून ठेवायचं. सम्प रेघेपर्यंत भरायचा. पंपाचा स्विच पाडायचा आणि खुर्ची घेऊन समोर बसायचं. पाणी चढताना बघत राहायचं, काठाशी यायला लागलं तर रिटर्नची नळी वर उचलायची, हवा शिरते आणि थांबतं. जिथे थांबेल तिथून काठापर्यंत निदान चार बोटं जागा उरायला हवी. नसेल तर रेघ खाली. मग स्विच चालू करून टाकी वरून ओसंडत नाही ना, पंप हवा ओढत नाही ना, हे बघायचं. स्विच दोन-तीनदा चालू-बंद करायचा, कारण आपली लाईट एकदा जाऊन एकदा येत नाही, ती ये-जा करते.

गेली तीन वर्षं वैशाखातल्या एका रविवारी मी हे करतो. सुर्र आवाज होतो, पाणी लाल रेघेच्या चार-पाच सेंटीमीटर वर येऊन थांबतं, एक थेंब बाहेर पडत नाही. आई मात्र आदल्या दिवशीच कपाटाखाली गोणपाट घालून ठेवते, आणि ते दिवाळीपर्यंत काढत नाही.